९९३ पंचाण्णव हजारांना आणि ९९६ सत्तावीस हजारांना, असं का?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पुण्याचे, नोकरीनिमित्त म्युनिकला. वय चौतीस, हाताशी पस्तीस हजार युरो. शाळेत असताना वहीच्या कव्हरवर पोर्शे ९११ चं चित्र होतं, आता ती गाडीच घ्यायची म्हणता. (९६४, ९९३, ९९६ हे ९११ च्याच एकामागून एक आलेल्या पिढ्यांचे क्रमांक.) एक ९९६ पाहिलीत, १९९९ ची, सत्तावीस हजारांना. त्याच डीलरकडे शेजारी ९९३ उभी होती, १९९६ ची, तिच्यावर पाटी पंचाण्णव हजारांची. नवी ३०० हॉर्सपॉवरची, जुनी २८५ ची. नवी जास्त पळते, आतून मोकळी आहे, एसीसुद्धा धड चालतो. मग तीन वर्षांनी जुनी गाडी तिप्पटीहून महाग कशी? आणि आज ९९६ घेऊन झाकून ठेवली तर दहा वर्षांनी तिचंही असंच होईल का? शेवटी एका ओळीत हेही विचारलंत, की परत जाताना ती पुण्याला नेता येईल का.

माझ्याबद्दल एवढंच सांगतो. मी कोल्हापूरचा, उद्यमनगरात वडिलांचं लेथचं वर्कशॉप होतं. गेली बावीस वर्षं श्टुटगार्टजवळच्या एका लहान वर्कशॉपमध्ये जुन्या स्पोर्ट्स कारची इंजिनं उघडतो आणि बांधतो. खरेदी-विक्रीत मी नाही. त्यामुळे तुम्ही ९९६ घेतलीत काय किंवा सायकल घेतलीत काय, माझ्या खिशाला फरक पडत नाही.

तुम्ही दोन प्रश्न एकत्र बांधून आणलेत. जुन्या गाडीवर लोकांचा जीव का जडतो हा एक, आणि तिची किंमत का वाढते हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मी बऱ्यापैकी देऊ शकतो. दुसऱ्याचं कोणी छातीठोकपणे देत असेल तर त्याच्याकडे विकायला गाडी आहे असं समजा.

सुरुवातीलाच वयाचा मुद्दा निकालात काढू. वयाने भाव येत असता तर पोर्शे ९२४ आज ९९३ च्या डोक्यावर बसली असती. ती १९७६ सालची, ९९३ पेक्षा सतरा-अठरा वर्षांनी थोरली. बांधली गेली नेकार्सउल्मच्या ऑडीच्या कारखान्यात, म्हणजे माझ्या घरापासून तासाभरावर. वजनाचा तोल उत्तम, वळणावर गुणी. पण तिचं दोन लिटरचं इंजिन फोक्सवॅगनच्या घराण्यातलं, त्याचीच भावंडं डिलिव्हरी व्हॅनमध्येही बसली होती. 'व्हॅनचं इंजिन' हा शिक्का तिच्या कपाळावर लागला तो आजही पुसलेला नाही. चांगली ९२४ तुम्हाला ९९३ च्या किमतीच्या छोट्याशा हिश्शात मिळेल. गाडी वाईट म्हणून हे झालं नाही. तिच्यानंतर 'आता असं काही मिळणार नाही' असं कुणाला वाटलं नाही, एवढंच.

९९३ च्या बाबतीत नेमकं तेच वाटलं.

१९६३ च्या फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ही गाडी ९०१ या नावाने आली. मध्ये शून्य असलेले तीन आकडी क्रमांक आपले, अशी हरकत प्यूजोने घेतली म्हणून ती ९११ झाली. तेव्हापासून १९९८ पर्यंत, चौतीस वर्षं, मागच्या डिकीत सहा सिलिंडरचं आडवं पसरलेलं इंजिन आणि त्याच्या डोक्यावर हवा ढकलणारा मोठा पंखा ही मांडणी कायम राहिली. रेडिएटर नाही, पाणी नाही. म्हणायला हवेने गार होणारं इंजिन, पण खरं तर बरंच काम तेल करतं. ९९३ मध्ये दहा-अकरा लिटर तेल फिरतं. आपल्याकडच्या साध्या गाडीत तीन-साडेतीन लिटर असतं, त्यावरून अंदाज करा.

९९३ ही अशी शेवटची, ९९६ मध्ये पाणी आलं. हे का संपलं, तर नियम आणि पैसा या दोन्हींमुळे. सिलिंडरभोवती पाणी असलं की ते आवाजही गिळतं. हवेवरच्या इंजिनाच्या पातळ पाकळ्या आतला आवाज बाहेर फेकतात, आणि आवाजाचे नियम दरवर्षी कडक होत होते. धुराच्या नियमांत बसायचं तर एका सिलिंडरला चार व्हॉल्व्ह हवेत, आणि एवढी गर्दी असलेलं हेड नुसत्या हवेने सगळीकडून सारखं गार ठेवणं फार अवघड. त्यातच नव्वदीच्या सुरुवातीला कंपनीचा विक्रीचा आकडा कोसळलेला. तेव्हाच्या नव्या प्रमुखांनी, वेंडेलिन वीडेकिंग यांनी, टोयोटाच्या पद्धती जाणणारे जपानी सल्लागार थेट पोर्शेच्या श्टुटगार्टमधल्या त्सुफेनहाउझेनच्या कारखान्यात आणले. मग खर्च वाचवायला स्वस्त बॉक्सस्टर आणि नवी ९९६ यांचा दारापासून पुढचा भाग जवळपास एकच केला. दिवेही तेच. जर्मन लोक त्या दिव्यांना तळलेलं अंडं म्हणतात, आणि एकदा हाफ फ्राय दिसला की नंतर दुसरं काही दिसतच नाही.

तुम्ही लाखाहून जास्त मार्क (युरोच्या आधीचं जर्मन चलन) मोजून ९११ घ्यावी, आणि सिग्नलला शेजारी उभ्या राहिलेल्या जवळपास निम्म्या किमतीच्या बॉक्सस्टरने तुमच्याच तोंडाने तुमच्याकडे बघावं. तेव्हाच्या मालकांना हे किती लागलं असेल ते मी नंतर त्यांच्याच तोंडून ऐकलंय. गंमत अशी, की ह्याच दोन गाड्यांनी कंपनी वाचवली. ९९३ सुमारे ६८ हजार बनल्या, ९९६ सुमारे पावणेदोन लाख. तुमच्या तिप्पट किमतीचा एक तुकडा इथे आहे. एकीकडे कमी संख्या आणि 'शेवटची'चा मान, दुसरीकडे भरपूर संख्या आणि कपाळावर अंडं.

पण नुसत्या संख्येने जीव जडत नाही, त्यासाठी गाडीत बसावं लागतं. डीलरकडे परत जाल तेव्हा ९९३ चं दार एकदा उघडून लावा. 'टक' असा आवाज येतो, कोरडा, घट्ट, बँकेच्या तिजोरीसारखा. पेडल वरून लोंबत नाहीत, जमिनीतून उगवतात, त्यामुळे पाय टेकवायची पद्धतच वेगळी. किल्ली स्टिअरिंगच्या डाव्या हाताला. समोर पाच गोल डायल, मधला आकड्यांचा सगळ्यांत मोठा तो आरपीएमचा. थंडीत सकाळी सुरू केली की आधी पंख्याची फरफर, मग चेनचा खुळखुळाट, मग पाच-सात मिनिटांनी गरम तेलाचा एक वास, तो हीटरमधून आत येतो. कारण हीटर म्हणजे एक्झॉस्टच्या नळ्यांवरून आलेली हवा. नव्या गाडीत हा दोष म्हणून तक्रार येईल. इथे लोक त्याचे पैसे मोजतात. ९९६ मध्ये बसलात की सगळं नीट, शांत, आणि प्लॅस्टिक तेव्हाच्या कुठल्याही चांगल्या गाडीसारखं. तिच्यात खोट नाही, फक्त नंतर आठवत नाही.

आता माणसांकडे वळू, कारण गाडी स्वतःहून महाग होत नाही, ती कुणीतरी करतं. आमच्याकडे येणारे बहुतेक गिऱ्हाईक वयाने पंचेचाळीस ते साठ. ते बारा-पंधरा वर्षांचे होते तेव्हा जी गाडी भिंतीवरच्या पोस्टरवर होती, ती ते आज घेतात. मुलं मोठी झाली, घराचं कर्ज फिटलं, आणि तोंडातून पहिलं वाक्य निघतं, "माझ्या डेंटिस्टकडे ही होती." हे मला जर्मनीत येऊन कळलं नाही. कोल्हापुरात आरएक्स १०० चं काय झालं ते तुम्ही पाहिलंच असेल. अठ्ठ्याण्णव सीसीची टू-स्ट्रोक, १९८५ ला आली, नव्वदीच्या मध्यावर बंद झाली. कॉलेजात असताना ज्यांना ती परवडली नाही ते आज तिच्यासाठी लाख-दीड लाख देतात, आणि वर मूळ सायलेन्सर मिळावा म्हणून भंगारवाल्याच्या पाया पडतात. नाद एकच, फक्त चलन वेगळं.

याचा उलटा अर्थही लक्षात ठेवा. ज्या गाड्यांची आठवण असलेली पिढी विरळ होत चालली, त्यांची मागणीही विरळ होते. युद्धाआधीच्या काही साध्या ब्रिटिश गाड्या मी वीस वर्षांपूर्वी ज्या ऐटीत विकल्या जाताना पाहिल्या, ती ऐट आता दिसत नाही. गाडी तीच आहे, तिच्यासाठी तळमळणारा मात्र उरला नाही.

तिसरी गोष्ट माझ्या हाताखालची, म्हणून जरा रेंगाळतो. संग्राहक गाडी घेताना मनात एक हिशेब करतो: ही बिघडली तर दुरुस्त होईल का? ९९३ मध्ये दर सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, एकूण बारा. त्यांना करंट पोचवायला दोन डिस्ट्रिब्युटर, आणि दुसरा पहिल्यावर चालतो एका छोट्याशा दातेरी रबरी पट्ट्याने. पट्टा तळहातावर मावेल एवढा. तो तुटला की दुसरा डिस्ट्रिब्युटर थांबतो, पण गाडी थांबत नाही. जरा मंद वाटते, बस. मालक म्हणतो आज हवा जड आहे. आणि आत सहा प्लग भलत्या वेळी किंवा अजिबातच पेटत नसतात, पिस्टन मार खात असतात. वाईट गोष्ट आहे, पण मला ती दिसते. झाकण काढतो, रोटर बोटाने हलवून बघतो, हलला तर पट्टा गेला. लॅपटॉप लागत नाही. पट्टा मिळतो, बदलता येतो, दुपारपर्यंत गाडी परत.

याउलट विसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच्या गाड्यांत चिपवर चिप बसत गेल्या. लोखंड मला लेथवर बनवता येतं, पण बंद झालेला कंट्रोल युनिट बनवता येत नाही. मात्र इथे मी स्वतःलाच थोडं खोडतो, कारण जिथे कंपनी मागे उभी राहते तिथे चित्र बदलतं. ९५९ ह्या गाडीच्या तीनशेही प्रती बनल्या नाहीत. तिच्या क्लचचा एक लिव्हर कुठेच मिळेना, तर पोर्शेने २०१८ मध्ये तो धातूच्या भुकटीतून लेझरने, थ्रीडी प्रिंट करून द्यायला सुरुवात केली. इंग्लंडात एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची अख्खी नवी बॉडी १९८८ पासून विकत मिळते, जुन्याच साच्यांतून काढलेली. मझदाने आपल्या पहिल्या एमएक्स-५ या छोट्या दोन सीटच्या गाडीसाठी जपानमध्ये स्वतःचा दुरुस्तीचा विभाग उघडला. यातली एमजीबी मुद्दाम सांगितली. पाच लाखांहून जास्त बनल्या, सुटे भाग मुबलक, प्रेम करणारे हजारो. तरी महाग नाही. म्हणजे जीव जडणं आणि भाव चढणं ह्या दोन वाटा आहेत, कधी मिळतात, कधी नाही. मला विचाराल तर ज्याला गाडी चालवायची आहे त्याच्यासाठी एमजीबी किंवा पहिली एमएक्स-५ हा ह्या सगळ्यातला शहाणा सौदा आहे. पण तुमच्या वहीवर ती नव्हती, त्यामुळे हा सल्ला वाया जाणार हे मला माहीत आहे.

सरकारी कायदाही भाव हलवतो, हे थोडक्यात. जर्मनीत गाडीला तीस वर्षं झाली आणि ती मूळ रूपात, चांगल्या अवस्थेत असली, की नंबर प्लेटच्या शेवटी 'एच' मिळतं. मग रोड टॅक्स वर्षाला ठोक १९१ युरो ७३ सेंट, आणि शहरांच्या प्रदूषण-मर्यादित भागात स्टिकरशिवाय जाता येतं. पहिल्या ९९३ ह्या उंबरठ्यावरून आत आल्यात, तुम्ही पाहिलेली ९९६ येईल २०२९ ला. अमेरिकेत परदेशी गाडी पंचवीस वर्षांची झाली की सुरक्षेच्या नियमांतून सुटते आणि आयात होऊ शकते. निस्सानची स्कायलाइन जीटी-आर आर३४ ही १९९९ ची, ती २०२४ पासून तिकडे जाऊ लागली. एका देशाच्या दाराची कडी निघाली आणि जपानमधल्या भावांना पंख फुटले. इथे संग्राहकाच्या आवडीनिवडीचा संबंधच नाही, नुसतं कॅलेंडर.

आता तुमचा दुसरा प्रश्न. ९९६ वाढेल का?

आधी माझीच फजिती ऐका. ९९३ च्या आधीची ९६४ ही २००६ साली कुणाला नको होती. जुन्या शौकिनांना तिचे बंपर फुगीर वाटायचे, नव्यांना ९९३ हवी असायची, आणि सुरुवातीच्या ९६४ मध्ये सिलिंडर आणि हेडच्या सांध्यातून तेल गळायचं. मी एक १९९० ची, राखाडी, अठरा हजारांना घेतली. संध्याकाळी कामावरून सुटल्यावर तिचं इंजिन बांधलं, सांधे कोरडे केले. २००९ ला मुलगी झाली, जागा लागत होती, पैसेही लागत होते, एकवीस हजारांना दिली. तीन हजार कमावले म्हणून बायकोला जेवायला नेलं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात सिंगर नावाची कंपनी सुरू झाली. ९६४ घ्यायची, उघडी करायची, कार्बन फायबरची जुन्या घाटाची बॉडी चढवून दागिन्यासारखी परत बांधायची, हा त्यांचा धंदा. जगभर लोकांना अचानक ९६४ दिसू लागली. २०१४-१५ पर्यंत माझ्यासारखी गाडी पन्नास हजारांच्या पुढे गेली होती. दिवसभर ह्याच गाड्यांत डोकं घालून बसणाऱ्या मला हे आधी कळलं नाही. तेव्हा भाकिताच्या बाबतीत माझ्यावर किती भरवसा ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

आणि उलटही होतं. ऑगस्ट १९८८ मध्ये एन्झो फेरारी वारले आणि त्यांच्या गाड्यांचे भाव वेड्यासारखे चढले. कर्ज काढून लोकांनी गाड्या घेतल्या, काहींनी तर एकदाही न चालवता पुढे विकल्या. १९९० नंतर बाजार असा आपटला की सावरायला दशकाहून जास्त गेलं. त्या गाड्या तेव्हाही तितक्याच सुंदर होत्या.

तर ९९६. एकाच नावाखाली त्यात तीन वेगळ्या गाड्या आहेत. जीटी३ आणि टर्बोमध्ये पोर्शेचे इंजिन-अभियंते हान्स मेट्झगर यांच्या इंजिनांच्या वंशातलं, शर्यतीतून आलेलं इंजिन आहे. त्या आधीच वर गेल्या, तुमच्या बजेटात नाहीत. ऑटोमॅटिक आणि उघड्या टपाच्या गाड्या भरपूर आहेत, त्या बराच काळ स्वस्त राहतील असं मला वाटतं. राहिली साधी, बंद टपाची, हाताच्या गिअरची, मागच्या चाकांवर चालणारी. तुमची १९९९ ची तशी असेल तर तिच्यात एक छोटी गोष्ट आहे: ऍक्सिलरेटर अजून तारेवर चालतो. नंतरच्या वर्षी तिथे विजेची वायर आणि सेन्सर आले. 'शेवटची'चा खेळ असाच पुढे सरकतो बघा. ९९३ हवेवरची शेवटची. ९९७ तेलाच्या दाबावर चालणाऱ्या स्टिअरिंगची शेवटची, ९९१ पासून ते विजेवर गेलं. मग २०१५ मध्ये साध्या ९११ लाही, म्हणजे कॅरेरालाही, टर्बो बसला, की त्याच्या आधीची लगेच 'टर्बोविनाची शेवटची' झाली. २०२४ ला काही ९११ हायब्रिड झाल्या. दर वेळी कंपनी एक दार बंद करते आणि बंद दारामागे जे राहिलं त्याची लोकांना आठवण यायला लागते. ९९६ ही त्या दाराच्या अलीकडची पहिली गाडी होती, हे तिचं दुर्दैव. मात्र तळलेल्या अंड्यावर चिडलेली पिढी आता थकली, आणि पंचविशीतली जी पोरं आमच्याकडे येतात त्यांना ते दिवे गोड वाटतात. त्यावरून माझा अंदाज असा, की व्यवस्थित कागद असलेली हाताच्या गिअरची ९९६ हळूहळू वर सरकेल. पण विमा, गॅरेजचं भाडं, दर वर्षीचं तेल आणि मधून मधून निघणारं मोठं काम वजा केलंत तर हातात काय उरेल? बहुतेक चालवण्याचे दिवस फुकटात मिळतील, एवढंच. पैसा वाढवायचाच असेल तर ही वाट नव्हे.

आणि झाकून तर मुळीच ठेवू नका. दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ ९९३ घेऊन आले. अडतीस हजार किलोमीटर, एकच मालक, विकणाऱ्याने 'नव्यासारखी' म्हणून दिलेली. बघायला खरंच नव्यासारखी होती. मी खाली बसून टायरवरचा डीओटीचा आकडा वाचला: २३०७. म्हणजे २००७ सालचा तेविसावा आठवडा. टायर एवढे जुने तर गाडी किती वर्षं हलली नसेल? ब्रेकचे पिस्टन जागच्या जागी चिकटलेले, तेलाचे सील वाळून कडक, टाकीत पेट्रोलचा डिंक, समोरच्या काचेच्या रबराखाली गंज. बिल पाच आकडी झालं. दीड लाख किलोमीटर चाललेली आणि दर वर्षी तेल बदललेली गाडी मी डोळे झाकून तिच्या आधी घेतली असती.

९९६ ला ज्याची सगळ्यांना भीती, ते इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग. इंजिनाच्या आत, गिअरबॉक्सच्या बाजूला, व्हॉल्व्हच्या चेन फिरवणाऱ्या दांड्याचं एक बंद बेअरिंग आहे. ते फुटलं तर टायमिंग सुटतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन भंगारात जातं. सगळ्यांची जात नाहीत, पण ज्याची जाते त्याचं सगळंच जातं. १९९९ च्या आसपासच्या इंजिनात बहुधा दोन ओळींचं बेअरिंग असतं, ते नंतरच्या एका ओळीच्या बेअरिंगपेक्षा दणकट निघालंय. तिथे पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून क्लच बदलतानाच ते काम करून घेतात. डीलरला 'बेअरिंग केलंय का' असं विचारू नका, 'बिल दाखवा' म्हणा. आणि घ्यायच्या आधी तेलाचा फिल्टर कापून त्याच्या घड्यांत बारीक चकचकीत कण आहेत का ते कुठल्याही चांगल्या मेकॅनिकला बघायला सांगा. अर्ध्या तासाचं काम आहे, त्यावर सत्तावीस हजार टांगलेले आहेत.

कधीतरी ९९३ पर्यंत पोचलात, तर एक जपा. तेल थंड इंजिनावर बघायचं नाही. गाडी सपाट जागी, तेल पुरतं गरम, इंजिन आयडलवर चालू, तेव्हाच डिपस्टिक खरं बोलते. आमच्याकडे एक नवा मालक आला होता. सकाळी थंड गाडीची स्टिक ओढली, कोरडी दिसली, दोन लिटर ओतले. परत बघितली, परत कोरडी, आणखी दोन. मग हायवेला लागला आणि मागे पांढऱ्या धुराचा असा लोट सोडला की मागच्याने अग्निशमन दलाला फोन केला. गाडीला काहीच झालं नव्हतं, फक्त पोट भरून उलटी केली होती.

पुण्याचा विषय पटकन. नेता येणार नाही. तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी भारतात आयात होत नाही, स्टिअरिंगही उजवीकडचं लागतं, आणि वर सीमाशुल्क. विंटेज गाड्यांसाठी सवलत वेगळी आहे, पण नव्वदीतली गाडी त्यात बसत नाही. तेव्हा इथे आहात तोवर इथल्या रस्त्यांवर चालवा, जाताना विका.

तर थोडक्यात, तुमच्या सत्तावीस हजारांच्या गाडीबद्दल. ती हाताच्या गिअरची आणि बंद टपाची असेल, बेअरिंगचं आणि क्लचचं बिल असेल, तर किंमत ठीक आहे. ऑटोमॅटिक असेल तर नको. पुढच्या डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक पांढरा स्टिकर असतो, त्यावर गाडीचा चासी नंबर आणि कारखान्यातून काय काय बसवून आली त्याचे कोड असतात. त्याचा फोटो आणि सर्व्हिस बुकातल्या तशाच स्टिकरचा फोटो इथे टाका. दोन्ही जुळले की बरं, झाकणावरचा गायब असेल तर पुढचा भाग कुठेतरी धडकून बदलला असण्याची शक्यता आहे. रंगाची जाडी मोजायचं यंत्र कुणाकडून तरी मागून न्या. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन दाखवतो, ३०० दिसलं तर तिथे का रंगवलं ते विचारा. आणि बघायला जाल तेव्हा आदल्या दिवशी डीलरला स्पष्ट सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. पोचल्यावर आधी इंजिनच्या झाकणावर हात ठेवा. गरम लागलं तर चहा प्या आणि परत या.